कॅम्परव्हॅनने फिरताना रोज रात्री कॅम्पग्राउंड घ्यावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की दोघं नवरा-बायको आणि दोन मुलं अशी भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन पहिल्यांदाच निघताय, तर रोज रात्री कॅम्पग्राउंडवरच थांबायचं का, की रस्त्याकडेला कुठेही गाडी लावली तरी भागतं. आणि कॅम्पग्राउंडवर गेल्यावर नेमकं करायचं काय. देश लिहिलेला नाहीत, म्हणून सगळीकडे लागू पडेल ते आधी सांगते.

रोज लागत नाही. पण 'पैसे वाचवायचे, एकही रात्र कॅम्पग्राउंड नको' असा पणही करू नका. कारण कॅम्पग्राउंड कधी गाठायचं हे तुमच्या मर्जीवर फारसं नसतंच. ते गाडीतल्या संडासाची टाकी ठरवते.

भाड्याच्या बहुतेक छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे मैल्याची टाकी ओढून बाहेर काढता येते असा संडास. त्याची मैल्याची टाकी साधारण १७ ते २० लिटरची. दोघंच असाल तर दोन-तीन दिवस निघतात. चौघांत, त्यात मुलं, म्हणजे दीड-दोन दिवसांत दिवा लाल होतो. वापराच्या पाण्याची टाकी गाडीनुसार ५० ते १०० लिटरच्या आसपास असते. घरच्यासारखा शॉवर सोडला तर चौघांच्या अंघोळीतच ती तळ गाठते. बॅटरीचं तसं बरं असतं, कारण रोज दोन-तीन तास गाडी चालली की इंजिन ती बऱ्यापैकी भरून काढतं. एका जागी दोन दिवस बसलात आणि आभाळ भरलेलं असलं, की मग फ्रिज तिचा जीव घेतो. शंभर अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे असतात, त्याखाली उतरलात तर ती लवकर मरते. लिथियमची असेल तर बरीच जास्त मुभा मिळते. गाडी ताब्यात घेताना हा प्रश्न आवर्जून विचारा, सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

या हिशेबाने तुमच्यासाठी एक रात्र बाहेर आणि एक रात्र कॅम्पग्राउंडवर, फार तर दोन बाहेर आणि तिसरी आत, एवढंच जमेल असं मला वाटतं. मुलांना धावायला जागा, धडधडीत गरम पाण्याची अंघोळ, कपडे धुवायचं मशीन हे सगळं त्या एका रात्रीत उरकून घ्यायचं. नुसतं झोपायचं असेल तर कॅम्पग्राउंडचे पैसे मला जड जातात. सगळ्या टाक्या मोकळ्या करून, सगळं भरून आणि सगळं चार्ज करून निघत असू तर अजिबात जात नाहीत.

आता 'बाहेर' म्हणजे कुठे, हे मात्र देश पाहूनच. इथे ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. आइसलँडमध्ये चाकांवरचं घर रात्री कॅम्पग्राउंडवरच लावावं लागतं, दुसरीकडे लावायचं तर जमीनमालकाची परवानगी हवी. क्रोएशियातही अधिकृत जागेबाहेर मुक्कामाला बंदी आहे. जर्मनीत पार्किंगला परवानगी असलेल्या ठिकाणी थकवा घालवण्यापुरती एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. स्कॉटलंड आणि नॉर्वेबद्दल 'तिकडे कुठेही राहता येतं' असं हमखास ऐकायला मिळतं. तो हक्क आहे, पण पायी फिरणाऱ्याचा आणि तंबूवाल्याचा. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यात मोटारगाड्या त्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये २०११ पासून यासाठी वेगळा कायदाच आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'स्वयंपूर्ण' (म्हणजे पाणी आणि मैला गाडीतच साठवणारी) असा दाखला हवा असेल तर गाडीत संडास पक्का बसवलेला लागतो, बेडखाली ठेवलेला सुटा डबा चालत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, मात्र तिथे नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबाही नाही.

युरोपात यांच्या मधलीही एक सोय आहे. जर्मनीत तिला श्टेलप्लाट्झ म्हणतात, फ्रान्समध्ये एअर. गावाबाहेर आखलेल्या जागा, एक नळ, एक मैला ओतायची जागा, कधी विजेचे खांब. स्वागताला कुणी नाही, अंघोळ नाही, हिरवळ नाही. मला या जागा मनापासून आवडतात, पण सुट्टीवर आलेल्या मुलांना पार्किंगच्या डांबरावर काय करमणार?

आणखी एक बारकावा, ज्यावर पुष्कळांना दंड होतो. कित्येक ठिकाणी गाडी 'उभी करणं' वेगळं आणि 'मुक्काम टाकणं' वेगळं धरतात. आत झोपलात तर ती उभी केलेली गाडी. पण छत्री ताणली, खुर्च्या बाहेर मांडल्या, चाकांखाली पाचरी सरकवल्या, की तो मुक्काम झाला. तेव्हा पार्किंगमध्ये रात्र काढणार असाल तर सगळा संसार दाराच्या आत ठेवा.

कॅम्पग्राउंडवर पोहोचायची वेळ दुपारी तीन ते सहा धरा. अंधारात अनोळखी गवतावर साडेसहा मीटरची गाडी मागे घेणं, आणि तेही शेजारी तंबूत कुणी झोपलेलं असताना, हा काही सुट्टीचा आनंद नव्हे. दुसरं म्हणजे युरोपात अनेक ठिकाणी दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असते. फाटक बंद, रिसेप्शन बंद, गाड्यांची ये-जा बंद. त्या वेळात पोहोचलात तर बाहेर ताटकळाल.

जागा निवडायची मुभा मिळाली तर गाडी तिथेच ठेवून आधी पायी एक फेरी मारा. संडास-न्हाणीघरापासून फार लांब नको, अगदी समोर तर मुळीच नको, रात्रभर दाराची धडधड आणि दिव्याचा उजेड. पाऊस झाला असेल तर सखल जागा सोडा, सकाळी चाकं फिरत बसतील. विजेचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजा, केबल सहसा २५ मीटरची असते.

गाडी समपातळीत लावायला लोक कंटाळतात आणि मग रात्रभर भिंतीला चिकटून झोपतात. डोकं पायांपेक्षा खाली गेलं की सकाळी डोकं दुखतं, ते वेगळंच. पण खरं कारण फ्रिज आहे. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनियाचं द्रावण पंपाशिवाय, उतारानेच फिरतं. गाडी बरीच कलली की ते अडकतं आणि दूध नासल्यावरच कळतं. कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजला याचं काही नसतं. चाकांखालच्या प्लॅस्टिकच्या पाचरी गाडीसोबत दिल्या आहेत का, ते आधीच पाहून घ्या.

विजेकडे जरा नीट लक्ष द्या. युरोपातल्या खांबावर निळा, गोल, तीन पिनांचा प्लग असतो. प्लग १६ अँपिअरचा दिसला म्हणून वीजही तेवढी मिळते असं नाही. खूप ठिकाणी १० अँपिअर, जुन्या जागी ६ सुद्धा. ६ गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॉट. घरगुती पाण्याची किटली एकटी २००० वॉटच्या वर खाते. ती लावली की खांबावरचा स्विच पडणार, आणि खांबाला कुलूप असेल तर रिसेप्शन उघडेपर्यंत अंधार. म्हणून पाणी गॅसवर तापवा, विजेवर फक्त चार्जिंग, फ्रिज आणि दिवे. अमेरिकेत गणित निराळं आहे, तिथे १२० व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॉट, त्यामुळे मोठ्या गाड्यांतले लोक एसी लावून बसलेले दिसतात.

केबल रीलवर गुंडाळलेली असेल तर ती शेवटपर्यंत सोडा, खांब चार पावलांवर असला तरी. एकदा शेजारच्या गाडीच्या रीलला सहज हात लागला, तर इस्त्रीच्या कडेसारखी गरम. आत हीटर चालू होता आणि २० मीटर केबल रीलवर तशीच. गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, वरचं प्लॅस्टिक मऊ होतं आणि तारा एकमेकींना चिकटतात. त्यांना उठवून सांगितलं, तर आधी वाटलं मी जागेवरून भांडायला आलेय. उरलेली केबल गाडीखाली गवतावर सैल वळशांत पसरून ठेवायची, बस्स. लावताना आधी गाडीकडचं टोक, मग खांबाकडचं, काढताना उलट.

आता कॅसेट. याची धास्ती सगळ्यांनाच असते, प्रत्यक्षात पाच मिनिटांचं काम आहे. टॉयलेटच्या आतली झडप आधी बंद करा, नाहीतर बाहेरून कॅसेट निघतच नाही. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, त्यातून कॅसेट ओढायची. बऱ्याच कॅसेटना चाकं आणि दांडा असतो. ओतायच्या जागी नळी बाहेर वळवा, झाकण उघडा आणि ओतताना वर असलेलं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. ते विसरलात तर कॅसेट गटागटा आवाज करत उसळ्या मारते आणि शिंतोडे तुमच्या बुटांवर. मग दोन-तीन लिटर पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, टॉयलेटचं औषध आणि थोडं पाणी आत घालून परत बसवा. टिश्यू लवकर विरघळणारा वापरा. ओले वाइप्स कधीही नको, ते झडपेत अडकतात. जिथे मैल्यासाठी कॅम्पग्राउंडचीच सेप्टिक टाकी असते तिथे फॉर्मल्डिहाइड नसलेलंच औषध चालतं, कारण फॉर्मल्डिहाइड टाकीतले जिवाणू मारून टाकतं. पाटी लावलेली असते.

तिथेच एक नळ असतो, कॅसेट धुवायचा. लोक कॅसेटचं तोंड सरळ त्या नळाला टेकवतात. प्यायचं पाणी त्या नळाचं चुकूनही भरू नका, पाटी काहीही सांगो. प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा असतो. तोंड लावायच्या आधी तो थोडा वाहू द्या, आणि पाइप आपलाच वापरा. सिंक-शॉवरचं सांडपाणी ओतायला बहुतेक ठिकाणी जमिनीत जाळी असते, गाडी तिच्यावर आणून खालचा कॉक सोडायचा. अमेरिकेतल्या मोठ्या गाडीत मैल्याची टाकीही पाइपनेच सुटते. तिथे आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो.

थंडीत जात असाल तर गॅसबद्दल दोन शब्द. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली गेलं की सिलिंडरमधून वाफ बनून बाहेरच येत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत येतं. डोंगरात मुक्काम असेल तर सिलिंडर कशाचा आहे ते विचारा. शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायचा मोह होतो, तो करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जमिनीतली आणि छतातली हवेची छिद्रं थंडी वाजते म्हणून चिंध्यांनी बुजवू नका, ती मुद्दाम ठेवलेली असतात. अलार्म आहे ना, तो वाजतो ना, बटण दाबून बघा.

शेजारधर्म फार अवघड नाही. रात्री दहानंतर आवाज नको, सरकत्या दाराचा तर नकोच. मुलांना झोपायच्या आधीच न्हाणीघरात नेऊन आणा, म्हणजे ते दार चारदा वाजत नाही. दुसऱ्याच्या जागेतून आडवं जाऊ नका. ब्रिटनमध्ये दोन गाड्यांत सहा मीटर अंतर ठेवतात, ते आगीसाठी आहे, तेव्हा 'जागा तर रिकामी आहे' म्हणून आपल्या खुर्च्या त्यात पसरू नयेत.

आरक्षणाचं म्हणाल तर शाळांच्या सुट्ट्या, समुद्रकाठ आणि राष्ट्रीय उद्यानं एवढ्यांसाठीच आधी करा. अमेरिकेतल्या पुष्कळ राष्ट्रीय उद्यानांच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि नावाजलेल्या काही मिनिटांत संपतात. बाकी ठिकाणी दुपारी फोन केला तरी जागा मिळते. उलट ऑक्टोबर ते ईस्टर या काळात युरोपातली बरीच कॅम्पग्राउंड बंदच असतात, तेव्हा 'ऑफ सीझन आहे, कुठेही मिळेल' हा हिशेब तिथे उलटा पडतो. पहिली रात्र मात्र कुठल्याही मोसमात आरक्षित ठेवा, गाडी घ्याल तिथून तासाभराच्या आत. भाडेवाल्याने दाखवलेल्या निम्म्या गोष्टी संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलेल्या असतात, आणि हीटर सुरू होत नाही हे कळलं तर सकाळी परत जाता येतं.

निघताना क्रम ठरवून घ्या आणि तो एकाच माणसाने तपासायचा: केबल काढली, गॅसचा कॉक बंद, छताच्या खिडक्या बंद, पायरी आत, फ्रिजच्या दाराची कडी लागली, पाचरी उचलल्या. दोघांनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं की 'मला वाटलं तू काढलीस' होतं आणि खांबासकट केबल मागे येते. छताची खिडकी तर वेगात गेल्यावर वाऱ्यानेच उडते, आणि भाड्याच्या विम्यात छताचं नुकसान पुष्कळदा धरलेलं नसतं. तो कागद सही करायच्या आधी वाचा.

देश आणि महिना लिहिलात तर कुठे आधी आरक्षण लागेल ते अधिक नेमकं सांगता येईल.