ऐरोलीहून पीएचडीला बाहेर जायचंय म्हणतेस, तर आधी हे वाच

तुझा मेसेज नीट वाचला. एमएससी एन्व्हायर्नमेंटल सायन्स झालंय, ऐरोलीला राहतेस, कन्सल्टन्सीत ईआयएचे, म्हणजे प्रकल्पांच्या पर्यावरणावरच्या परिणामांचे रिपोर्ट बनवतेस, आणि आता नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यांत नि बांधकामांवर उन्हात राबणाऱ्या बायकांच्या तब्येतीवर पीएचडी करायचीय, तीही बाहेर जाऊन. विचारलंयस की कुठला देश, विषय एन्व्हायर्नमेंटमध्ये बसतो की हेल्थमध्ये, पैसे पुरतील का, एजंट करावा का, आणि आई एकटी आहे तर जावं का. मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली, पीएचडी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला केली आणि आता इथेच पब्लिक हेल्थमध्ये रिसर्च करते, तेव्हा माहितीतलं सगळं सांगते, लांबलं तर लांबू दे.

देश आणि रँकिंग सध्या बाजूला ठेव. आधी विषयाचं बोलू कारण सगळं तिथूनच ठरतं.

खारघर आठव. १६ एप्रिल २०२३, पुरस्कार सोहळा, लाखो माणसं उघड्या मैदानात, आणि उन्हामुळे १४ जण गेले. पारा त्या दिवशी ३८ च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला ३८ म्हणजे काहीच नाही वाटणार, पण आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराला थंड व्हायचा रस्ताच बंद होतो. म्हणून तर हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेची लाट बघतं आणि किनारपट्टीला ३७ पासूनच, तेही नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. आता याच एका गोष्टीकडे चार जण कसे बघतील ते बघ. एन्व्हायर्नमेंटवाला विचारेल त्या मैदानात, त्या पत्र्याखाली उष्णता नक्की किती होती. हेल्थवाला विचारेल किडनीवर, रक्तदाबावर काय परिणाम झाला. बिहेवियरवाला विचारेल की चक्कर यायला लागली तरी माणूस उठून सावलीत का जात नाही, आणि बिझनेस स्कूलचा माणूस विचारेल की मुकादम नगावर पैसे देत असेल तर बाई पाण्याला थांबेल कशाला. तुझा प्रश्न या चारही ठिकाणी आहे आणि म्हणूनच तो चांगला आहे. पण पीएचडी चार डिपार्टमेंटला मिळून होत नाही, ती एका डिपार्टमेंटच्या नावाने होते आणि तिथलेच परीक्षक थीसिस वाचतात, त्यामुळे मुख्य घर एकच निवडायचं आणि बाकीच्या तिघांकडे फक्त जाणं-येणं ठेवायचं.

हे मी एवढं ठासून सांगते कारण आंतरशाखीय पीएचडी करणारी बरीच मुलं इथेच अडकलेली मी बघते. एक सुपरवायझर पब्लिक हेल्थचा आणि दुसरा बिझनेस स्कूलचा असला की पहिला म्हणतो सँपल साइझ कुठून काढलास, प्रोटोकॉल आधी रजिस्टर केलास का, पेपर साडेतीन हजार शब्दांत बसव. दुसरा म्हणतो थिअरीत नवीन काय सांगतेस, आणि त्यांच्याकडे पेपर तिप्पट लांब आणि छापून यायला दोन दोन वर्षं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधे विद्यार्थी भरडला जातो. म्हणून सुरुवातीच्याच मीटिंगला विचारायचं की पहिला पेपर कुठल्या प्रकारच्या जर्नलला जाणार आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. तुझ्या बाबतीत माझं स्पष्ट मत, घर हेल्थमध्ये कर, ऑक्युपेशनल हेल्थ नाहीतर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ. मोजमापं तुला येतातच, ती सोबत येतील. एन्व्हायर्नमेंटमध्येच राहिलीस तर ती बाई फक्त एक रीडिंग होऊन बसेल आणि तुला तर तिच्याबद्दलच काम करायचंय.

आणि हा प्रश्न तिथूनच पक्का करून निघ, इथे येऊन शोधू असं नको. तुझ्याकडे जे आहे ते इथल्या कुठल्याच विद्यार्थ्याकडे नाही. घणसोलीच्या नाक्यावर सकाळी उभी राहिलीस तर बायका तुझ्याशी मराठीत नाहीतर हिंदीत मोकळं बोलतील. साइटवर बायकांना संडास नसतो म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात, ही गोष्ट कुठलाही सेन्सर पकडत नाही, ती कोणीतरी विश्वासाने सांगावी लागते. नोकरीत असतानाच महिन्यातले दोन रविवार यासाठी काढ. हा डेटा नव्हे बरं, एथिक्सची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला लागणारी कमिटीची परवानगी नसताना गोळा केलेलं काही थीसिसमध्ये वापरता येत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते यातूनच कळतं. सोबत डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) समजून घे, उन्हातल्या कामासाठी सगळीकडे हेच माप चालतं. स्टँडवर तीन थर्मामीटर असतात, एक साधा सावलीतला, एक काळ्या पोकळ गोळ्यातला जो उन्हाची झळ पकडतो, आणि एक ओल्या वातीचा ज्याची वात डिस्टिल्ड पाण्यात बुडलेली ठेवायची, साधं पाणी घातलं तर क्षार साचून रीडिंग बिघडतं. उन्हात हिशोब करताना ओल्या वातीला ७० टक्के वजन, गोळ्याला २० आणि साध्या तापमानाला फक्त १०. म्हणजे मोबाईलवर जो आकडा बघून आपण ऊन ठरवतो त्याला यात सगळ्यात कमी किंमत आहे. प्रपोजलमध्ये हे एक वाक्य असलं तरी वाचणाऱ्याला कळतं की मुलीला विषय माहितीय.

आता सुपरवायझर. युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा हा माणूस दहापट महत्त्वाचा. त्यांचे शेवटचे तीन-चार पेपर खरंच वाच, मग दोनशे शब्दांचा मेल, त्यात तुझा प्रश्न, त्यांच्या कामाशी तो कुठे जोडला जातो, आणि सोबत एक पानाची कल्पना नि सीव्ही. एकच मेल पन्नास जणांना पाठवायचा प्रकार लगेच ओळखू येतो आणि उडवला जातो. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एक आठवण, मग पुढचं नाव. हो म्हणाले की त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोल, ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात, किती जण वेळेत संपवून बाहेर पडले, कोणी मधेच सोडलं का. विद्यार्थी उत्तर द्यायला घुटमळला तर तेही उत्तरच समज.

फील्डवर्क नवी मुंबईत करायचं असेल तर परवानग्यांचा वेळ आत्ताच हिशोबात धर. ऑस्ट्रेलियन युनिव्हर्सिटीची एथिक्स कमिटी लागेलच, शिवाय भारतातल्या एखाद्या संस्थेची एथिक्स कमिटी लागेल, आणि परदेशी संस्थेबरोबरचा हेल्थ रिसर्च म्हटल्यावर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत एचएमएससी, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं. रक्त-लघवीचे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर आणखी कागदपत्रं, त्यापेक्षा तपासण्या भारतातल्याच लॅबमध्ये करायचं ठरव. आणि भारतातला एक को-सुपरवायझर पहिल्या दिवसापासून घे. ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडणार तिला ती भरून द्यायचं बजेटमध्ये लिही, कमिटी विचारेल म्हणून नाही, तिच्या घरची त्या दिवसाची चूल त्यावर असते म्हणून. (तुझी एखादी मैत्रीण खाडीतल्या कांदळवनांवर, जीवजंतूंवर काम करायचं म्हणत असेल तर तिला सांग, जैवविविधता कायद्यात अनिवासी भारतीयालाही राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आपला पासपोर्ट भारताचा आहे म्हणून सुटका नाही. ठाणे खाडी तर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, वनखात्याची परवानगी वेगळी.)

ऑस्ट्रेलियातच का, तर मला माहिती इथली आहे. स्वीडन, नॉर्वेमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, जागा निघते आणि अर्ज करायचा, तुझ्या विषयाची जागा दिसली तर बिनधास्त टाक. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस, ती तुला आरामात बसते. यूकेमध्ये सरकारी पैशाच्या पीएचडी जागांपैकी जास्तीत जास्त ३० टक्केच परदेशी मुलांना देता येतात म्हणून तिथे चढाओढ जास्त. अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरून चाल.

इथलं गणित असं. आरटीपी म्हणून सरकारी स्कॉलरशिप आहे, युनिव्हर्सिटीमार्फत मिळते, २०२५ ला पूर्णवेळ स्टायपेंड वर्षाला किमान ३३,५११ ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यावर टॅक्स नाही. फी माफ आहे का आणि हेल्थ इन्शुरन्स कोण भरणार हे ऑफर लेटरमध्ये ओळ न ओळ वाच, दोन्ही नसेल तर येऊ नकोस, खरंच नको, स्वतःच्या पैशाने किंवा फ्लॅट गहाण टाकून पीएचडी करू नये असं माझं ठाम मत आहे. व्हिसाची फी जुलै २०२५ ला २,००० डॉलर झाली, ती तुलाच भरायची. स्टायपेंडमधला निम्मा भाग भाड्यात जातो, शेअरिंगमध्ये राहूनसुद्धा, पण एकटीचं भागतं. ब्रिस्बेनमध्ये बस-ट्रेन-फेरी कुठेही ५० सेंटमध्ये जाता येतं, त्याने फार हलकं होतं. रिसर्च स्टुडंटना कोर्स सुरू झाल्यावर कामाच्या तासांची मर्यादा नाही, ट्यूटरिंग करता येतं, फक्त पहिल्या वर्षी कमी कर कारण वर्षाच्या शेवटी कन्फर्मेशन असतं, तिथे प्रपोजल सगळ्यांसमोर मांडून पास व्हावं लागतं. पीएचडीनंतर इथे राहून काम करायच्या ४८५ व्हिसाला वयाची मर्यादा ५० आहे, भारतीयांना करारामुळे चार वर्षांपर्यंत मिळतो, पण फक्त पीआरसाठी पीएचडी करायचा विचार असेल तर तो सोड, साडेतीन-चार वर्षं त्या जोरावर निघत नाहीत.

अ‍ॅडमिशनला एक अडचण येऊ शकते. इथे एमएससीतल्या रिसर्चचा भाग किती हे बघतात. तुझं डेझर्टेशन किती क्रेडिटचं होतं, किती महिने चाललं याचं पत्र डिपार्टमेंटकडून घेऊन ठेव. ईआयएचं काम रिसर्च म्हणून धरत नाहीत, त्यातून एखादा छोटा पेपर निघत असेल तर काढ, कंपनीची लेखी परवानगी घेऊन. ठाणे स्टेशनबाहेरच्या एजंटांकडे जायची गरज नाही, ते मास्टर्सची अ‍ॅडमिशन करून देतात, सुपरवायझर शोधणं त्यांचं काम नाही.

आईचं. याचं उत्तर मी देऊ शकत नाही पण एवढं सांगते, तुझं फील्डवर्क ऐरोली-घणसोलीत असेल तर दुसऱ्या वर्षातले बरेच महिने तू घरूनच काम करशील, प्रपोजलच तसं लिही, त्यात काही गैर नाही, उलट ते रिसर्चसाठी जास्त चांगलं. स्टायपेंड चालू राहील का आणि व्हिसावर काय परिणाम होईल ते आधी लेखी विचारून घे. मामा-मावशी कोणी जवळ आहेत का, सोसायटीत रात्री दार वाजवावं असं कोणी आहे का, आईचे रिपोर्ट, मेडिक्लेम, बँकेचं नॉमिनेशन हे सगळं एका फाइलमध्ये लाव आणि एक चावी शेजारी दे. आईशी आत्ताच बोल, ऑफर आल्यावर नको, तेव्हा तिला नाही म्हणायची सोय उरणार नाही.

नोकरी सध्या सोडू नकोस. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज या आठवड्यातच टाक, वेळ लागतो. आणि एक पान लिहून मला पाठव, कोणत्या बायका, कुठली जागा, काय मोजणार आणि तुझं उत्तर हाती आलं तर मुकादमाने, कंपनीने किंवा महापालिकेने काय वेगळं करावं. इंग्रजी कसंही असू दे, मी खुणा करून परत पाठवते, मग मेल कोणाकोणाला टाकायचे ते आपण मिळून ठरवू.