उत्तर: घरातली रोकड बँकेत कशी नेऊ, आणि फॉर्मवर ‘व्यवसाय’ काय लिहू?

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. गोव्यात कळंगुटच्या बाजूला सेक्स वर्कचं काम, पर्यटनाच्या दोन सीझनची कमाई खोलीतच, बँकेत ‘व्यवसाय’ विचारल्यावर फॉर्म तसाच ठेवून तुम्ही बाहेर आलात. त्यात बरोबरची मैत्रीण सांगते की १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग आयकराचं रिटर्न कशाला. मीही याच कामात होते, वास्कोत, बायण्याला. आता काम सोडून बरीच वर्षं झाली. बायकांची कागदपत्रं करायला मदत करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी सीए नाही, वकीलही नाही. जे पाहिलं, जे भोगलं, त्यावरून बोलते आहे. शेवटचा शब्द सीएचा. आधार, पॅन तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

धंदा करणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा चकला (कुंटणखाना) चालवणाऱ्याला, दलालाला, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्याला पकडतो. आणि आयकर खातं पैसा कुठल्या कामाचा आहे यावरून करपात्र की नाही ते ठरवत नाही. म्हणजे रिटर्न भरलं की पोलीस दारात येतील ही भीती मनातून काढा. त्यापेक्षा खरी भीती वेगळी आहे. पैसा तुमचा आहे, कष्टाचा आहे, पण तो कधी आणि कसा आला हे सांगणारा एकही कागद नाही.

माझं सगळ्यात मोठं नुकसान एका बँकेच्या शाखेने केलं. नाव लिहीत नाही. १४ जून २००४ ला बायण्यातल्या खोल्या पाडल्या. पाऊस लागलेला होता. खोलीबरोबर पत्ताही गेला. रेशन कार्ड गावी, तेही सासऱ्यांच्या नावाचं. खातं काढायला गेले तर म्हणे पत्त्याचा पुरावा आणा आणि ओळख द्यायला आमचाच एखादा खातेदार आणा. आमच्या इथला किराणावाला तयार झाला, बिचारा दुकान बंद करून माझ्याबरोबर आला. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर बाकड्यावर. काचेतून दिसत होतं, साहेब बोलत होते आणि हा नुसता मान हलवत होता. बाहेर आला तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बाय, माझं दुकानाचं कर्ज, कॅश क्रेडिट, आहे इथं. मला यात घालू नकोस.” फॉर्म अजून माझ्या हातातच होता.

कागद कमी असलेल्या गरीब माणसालाही साधं खातं द्या, असं रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं होतं. मला ते कळलं फार उशिरा, एका प्रशिक्षणात. तोवर मी त्याच काउंटरवरून परत येत राहिले. २०१४ ला जनधन आलं, तेव्हाही “फॉर्म संपले, पुढच्या आठवड्यात या” हेच उत्तर. दर वेळी तोंडी. कागदावर एक अक्षर नाही, त्यामुळे तक्रार करायची तरी कशाच्या जोरावर?

मग पैसे दूध पावडरीच्या डब्यात. पाचशेच्या वेगळ्या, हजाराच्या वेगळ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर तांदूळ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या डब्यातल्या नोटा रद्द झाल्या. ज्यांचं खातं होतं त्यांनी ३० डिसेंबरपर्यंत भरल्या. खातं नसलेल्याला फक्त काउंटरवर बदलून मिळत होत्या, आधी ४,०००, मग ४,५००, मग २,०००, आणि २४ नोव्हेंबरनंतर बँकांत तेही बंद. उरलेल्या नोटा मी एका एजंटाला दिल्या. हजाराच्या नोटेचे सहाशे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते. त्या वर्षी तिची ॲडमिशन झाली नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, परत बँकेत जा. एकट्या जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या. व्यवसायाच्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ लिहा. ते खरं आहे आणि तेवढं पुरतं. शिलाईकाम, ब्युटीपार्लर असलं काही लिहू नका. पुष्कळ जणी लिहितात आणि मला ते अजिबात पटत नाही. उद्या कुणी विचारलं की पार्लर कुठे आहे, तर एका खोट्यासाठी चार खोटी बोलावी लागतात आणि खरी कमाईसुद्धा संशयात येते. पण खोटं न बोलणं वेगळं आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला सगळं उलगडून सांगणं वेगळं. त्याला तुम्ही बांधील नाही.

नकार दिला तर शांतपणे म्हणा, “ठीक आहे, कारण लिहून द्या, तारीख आणि शिक्का घालून.” या एका वाक्यावर अनेकदा फॉर्म आपोआप सापडतात, मी स्वतः पाहिलं आहे. नाहीच दिलं तर आपली लेखी तक्रार स्पीड पोस्टाने शाखेला पाठवा, पावती जपा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

ज्यांच्याकडे आधारच नाही अशा कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला बुद्धदेव कर्मासकर खटल्यात सांगितलं आहे की सेक्स वर्करला पत्त्याच्या पुराव्याची सक्ती न करता आधार द्यायचं. राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला त्यासाठी चालतो. कार्डावर तुमच्या कामाची कसलीही खूण येता कामा नये, हेही त्याच आदेशात आहे. ज्या बाई तुमच्याकडे तपासणीला, कंडोम द्यायला येतात त्यांना विचारा, वाट त्यांना ठाऊक असते. आणि हातात काहीच कागद नसतील तर नुसत्या फोटोवर आणि सही-अंगठ्यावर ‘स्मॉल अकाउंट’ निघतं. त्यात वर्षाला १ लाखापर्यंतच जमा करता येते, शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही, पण सुरुवात होते.

आता तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. २०२५-२६ या वर्षापासून आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. पण ही सूट आहे. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. आणि माझं मत विचाराल तर ४ लाखांच्या आत असलं तरी भरा. दरवर्षी. आपल्यासारखीसाठी रिटर्न म्हणजे या वर्षी मी इतके कमावले असं सरकारकडे नोंदवून ठेवणं. पुढे घर घेताना, कर्ज मागताना, मुलाच्या शिक्षणाला पैसे काढताना हाच कागद उभा राहतो.

नाही भरलं तर? बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. विचारणा झाली आणि पैसा कुठला हे दाखवता आलं नाही, तर तो ‘अस्पष्टीकृत’ धरला जातो, त्याला ४ लाखांची मर्यादा नाही, १२ लाखांची सूट नाही. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये या पैशावरचा कर ६० टक्के केला होता, अधिभार आणि सेस धरून पाऊण हिश्श्याच्याही वर. सध्याचा दर सीएला विचारा, पण कमी समजू नका. कष्टाचे पैसे केवळ कागद नाही म्हणून चोरीच्या पैशाच्या रांगेत बसतात, याचा मला अजून संताप येतो.

मागच्या सीझनचे पैसे या वर्षी भरणार असाल तर त्या वर्षीचं रिटर्न राहिलं आहे का ते आधी बघा. ‘अपडेटेड रिटर्न’ चार वर्षांपर्यंत भरता येतं, त्यावर जादा कर बसतो, आणि ते प्रत्येकीला लागू पडतंच असं नाही. रोज थोडे थोडे भरून पॅन चुकवायच्या सल्ल्याला भुलू नका. पॅन आहे ना? मग द्या आणि उजळ माथ्याने भरा.

वही ठेवा. तारीख, रोख किती, फोनवर किती, खर्च किती, एवढंच. गिऱ्हाइकाचं नाव किंवा नंबर कधीही लिहू नका. आपल्याकडचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे सगळी चांगली कमाई एकाच आर्थिक वर्षात पडते आणि एप्रिलला नवं पान. जून ते सप्टेंबर हात रिकामे असतात, तेव्हाच सावकार दारात येतो. सीझनमध्येच चार महिन्यांचं भाडं आणि रेशन बाजूला निघालं पाहिजे, सोनं नंतर. रिटर्नमध्ये कामाचा प्रकार लिहायला ‘इतर सेवा’ असा वर्ग असतो. सीए निवडताना पहिल्याच भेटीत ‘माझं काम हे आहे, तुम्हाला चालेल का’ असं विचारा. तोंड वेडंवाकडं केलं तर उठून या. दुसरा मिळतो. म्हापशात, मडगावात नीट वागणारे लोक आहेत.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की “नवरा आहे पण येत नाही”. या ओळीवर मी थांबले. गोव्यात लग्नाची नोंद झाली असेल आणि आधी वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामाईक. आयकर कायद्यात त्यासाठी ५अ हे कलम होतं, आता नव्या कायद्यात आकडा बदलला असेल, सीएला ‘फाइव्ह ए’ म्हटलं की कळतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं दाखवायचं, आणि रिटर्नच्या तक्त्यात जोडीदाराचं नाव आणि पॅन द्यायचं. म्हणजे तुमची निम्मी कमाई त्याच्या रिटर्नमध्ये. ज्याने वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नाही त्याला तुमचा आकडा कळणार! बाहेरच्या राज्यातले सल्लागार हे सांगतच नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं. मालमत्तेचंही तेच. तुमच्या पैशाने, तुमच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये त्याचा अर्धा हिस्सा निघू शकतो. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव घातलं तरी ती पैसे हातात घेणारी ठरते, वारसाहक्क कायद्यानेच ठरतो. तेव्हा काही मोठं विकत घेण्याआधी घटस्फोट किंवा कोर्टातून मालमत्ता वेगळी करून विभक्त होण्याचं बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लग्न महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात लागलं असेल तर सहसा हे तुम्हाला लागू पडत नाही.

खातं एकटीच्या नावावर ठेवा. यार असो, भाऊ असो, मोठा मुलगा असो, जॉइंट नको. १९५६ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये १८ वर्षांवरचा कुणीही जाणूनबुजून तुमच्या धंद्याच्या कमाईवर जगत असेल तर त्याला शिक्षा आहे. हे कलम दलालासाठी आहे म्हणतात, पण घरच्या माणसालाही त्याची झळ बसू शकते. नॉमिनेशन मात्र जरूर करा.

शक्य असेल तर दोन खाती करा. यूपीआयवर गिऱ्हाइकाचे पैसे येतात ते एक, बचतीचं दुसरं, वेगळ्या बँकेत. एखाद्याने फसवणुकीच्या पैशातून तुम्हाला दिले आणि पुढे सायबर पोलिसांत तक्रार गेली, तर खातं गोठवतात. आमच्या ओळखीतल्या एकीचं पूर्ण खातं असं अडकलं, मुलाच्या फीच्या पैशांसकट. शिवाय यूपीआयवर बँकेतलं खरं नाव दिसतं, हे नव्या मुलींच्या लक्षात येत नाही.

घरवालीकडे, म्हणजे अड्डा चालवणाऱ्या बाईकडे, किंवा तिच्या भिशीत पैसे ठेवू नका. पिग्मी चालेल, पण थोडी. पतसंस्थेतल्या ठेवीला विमा नसतो, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत असतो. सोनं घेतलं तर बिल तुमच्या नावाचं हवं आणि ते दागिन्याबरोबर नको, वेगळं ठेवा. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून निघते. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा खात्यातूनच कापून घ्यायला सांगा. अटल पेन्शन ४० वर्षांच्या आतल्यांना चांगली आहे, पण आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नव्याने जाता येत नाही.

लग्नाची नोंद कुठे झाली, गोव्यात की बाहेर, आणि लग्नाआधी कसला करार केला होता का, तेवढं इथे लिहा. इथे नको वाटलं तर मला मेसेज करा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर फ्लॅट वगैरे घ्यायचा विचार असेल तर टोकन रक्कम कुणालाही देऊ नका.