आईच्या नागिणीनंतरच्या वेदना दहापैकी ८ वरून ५ वर आल्या आहेत, पण ती दिवसभर पेंगते आणि घराबाहेर पडत नाही. उपचार लागू पडतायत असं म्हणायचं का?

वेदनेपुरतं विचाराल तर हो. जुनाट दुखण्यात साधारण ३० टक्के उतार पडला तरी तो चांगला मानतात, आणि आईंना त्याहून जास्त पडलाय. पण तुम्ही लिहिलेलं पेंगणं आणि घरात बसून राहणं त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. मला काळजी त्याची वाटते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेन क्लिनिकमध्ये काम करते. नागिणीचे फोड सुकले तरी आतल्या नसेला झालेली इजा राहते. कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून असतो, तो जागा झाला की ती नसच दुखावते. मग साधा स्पर्शही आगीसारखा लागतो. आमच्याकडे एक आजी यायच्या. त्यांना ब्लाउजची शिवण सोसायची नाही, म्हणून घरात यजमानांचा जुना मलमलचा सदरा घालायच्या आणि पंखा दुसरीकडे वळवून झोपायच्या. वरून कातडी स्वच्छ दिसते, त्यामुळे घरचे म्हणतात, ‘आता तर सगळं सुकलंय की!’ हे वाक्य कृपा करून आईंसमोर कुणालाही बोलू देऊ नका.

या आजींचा आकडा गोळ्यांचा डोस वाढवल्यावर ८ वरून ३ वर आला. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात त्या दुपारीही झोपलेल्या असायच्या, पायांवर सूज होती, बाथरूमला जाताना सुनेचा हात धरावा लागायचा. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला, जोडीला दुखऱ्या जागी चिकटवायचे, कातडी बधिर करणारे लिडोकेनचे पॅच दिले. आकडा परत ५ झाला, पण आजी ओट्याशी उभ्या राहून स्वतःच्या भाकऱ्या भाजायला लागल्या. मी तरी या ५ ला त्या ३ पेक्षा चांगलं म्हणेन, आणि आजींचंही तेच म्हणणं होतं.

प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी चालू असेल तर पेंग, चक्कर, पायावर सूज हे सगळं त्यामुळे होऊ शकतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन या दुसऱ्या गोळीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. या वयात चक्कर येऊन पडल्या आणि खुबा मोडला तर वेदना कमी होऊनही उपयोग काय? म्हणून पुढच्या भेटीत पेंगण्याचं आधी सांगा, आकडा नंतर. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम सोडल्या तर त्रास होतो.

आम्ही पेशंटला मुख्यतः तीन गोष्टी विचारतो: गेल्या आठवड्यात दुखणं सरासरी किती होतं, त्याने जगण्यातली मजा किती हिरावली, आणि रोजच्या कामात किती आडकाठी आली. तिन्हींना ० ते १० गुण. आईंना दर रविवारी विचारून वहीत लिहा. झोपेचीही एक ओळ असू द्या, कारण रात्र जागून गेली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त वाटतं.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर एकदम देवळापर्यंत नेऊ नका. सैल सुती कपडे, आधी जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंत. आमचे बरेच पेशंट बरं वाटलं त्या दिवशी माळाही आवरायला काढतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतात. बऱ्या दिवशीही ठरवलं तेवढंच करायचं, हे आईंना पटवायला वेळ लागेल.

आणि त्या ‘आता जगून काय करायचं’ असं काही बोलल्या तर ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडू नका. लांबलेल्या वेदनेत नैराश्य खूप जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लागतो, मराठीतही बोलता येतं.