थरारक कादंबऱ्या लिहिणारे लेखक वाचकाला इतकं खिळवून कसं ठेवतात?

माझ्या मते 'पुढे काय होणार' यापेक्षा 'हे जमणार कसं' हा प्रश्न जास्त धरून ठेवतो. फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) घ्या. यात एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघतो. पण खरे द गॉल १९७० साली घरीच वारले, म्हणजे मारेकऱ्याचा डाव फसणार हे आधीच ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही! फोर्सिथ पॅरिसमध्ये रॉयटर्सचा बातमीदार होता, आणि लिहिलंयही तसंच: मेलेल्या मुलाच्या नावावर पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशी बनवून घ्यायची, सगळं बारकाव्यांसह. दुसरीकडे माग काढणारा साधासा पोलीस अधिकारी लबेल. दोघांमधलं अंतर कमी होत जातं, आणि आपण नकळत दोघांच्याही बाजूने वाचत राहतो.