गावं रिकामी होताहेत, मग जळगाव-धुळ्याला प्लॉट महाग का?

तुम्ही विचारलंय की चोपड्याकडच्या तुमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत, पोरं कमी जन्मताहेत, तरी जळगावच्या चहूबाजूंनी ले-आउट पडतच आहेत, हे कसं? आणि गावच्या घरातला हिस्सा विकून प्लॉट घ्यावा का?

माणसं मोजू नका, चुली मोजा. मी एरंडोल तालुक्यातला. आमच्या गल्लीत चौकाच्या एका घरात तीन भाऊ एकत्र नांदायचे. वाटणी झाली आणि चौकाच्या मधोमध सिमेंटची भिंत उभी राहिली. ओट्याचे तीन तुकडे झाले, दाराशी विजेचे तीन मीटर लागले. आता एका हिश्शात फक्त काकू राहतात. त्यांचा एक मुलगा सुरतला, एक पुण्याला, आणि जळगावला दोघांचेही वेगवेगळे प्लॉट. महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. पण वेगळं राहणारी कुटुंबं वाढतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं दार हवं असतं.

दुसरं कारण लग्नाचं. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या, २०११ ला ८४२. २००१ च्या मोजणीतली ती मुलं आता बोहल्यावर चढायच्या वयाची झाली. मुली जन्माआधीच नाकारल्या, त्याची किंमत आज घरोघर मोजावी लागतेय. मुलगी शिकलेली असते, स्थळं तिच्याकडे भरपूर असतात, मग तिच्याकडचे शेती विचारतातच, पण त्याआधी शहरात घर आहे का ते विचारतात. मुलाचा बाप दोन एकर विकून प्लॉट घेतो. त्यावर बांधकाम व्हायला कित्येक वर्षं जातात, तोवर तिथे काटेरी बाभळी माजतात.

गावंही पुरती रिकामी नाहीत. रावेर-यावलकडे केळीच्या कामाला सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं शेतात ताडपत्रीखाली राहतात, आणि गावात दहा-दहा खणांची घरं बंद. हे मला फार सलतं. भाड्याने द्या म्हटलं की भाऊबंद म्हणतात, देवघर आहे, श्रावणात आपली खानदेशची देवी कानबाई बसते. कानबाईला सगळे रोट खायला जमतात, हे खरं. पण सुरतला उधना-लिंबायतमध्येही आपल्या लोकांच्या घरी कानबाई बसते, तिच्यासाठी गावचं घर वर्षभर कुलपात ठेवावं लागत नाही.

तुमच्याबद्दल म्हणाल, तर आई-वडील गावात आहेत तोवर हिस्सा विकू नका. विकत घेणारा बहुधा चुलतभाऊच असेल, आणि म्हातारपणी आई-वडिलांना त्याच्या भिंतीआड राहावं लागेल. वाटणी मात्र आताच कागदावर आणा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. तुमच्या गावची झाली असेल तर पत्रिकेवर कोणाकोणाची नावं लागलीत ते बघा. पुढच्या खोल्या एखाद्या कुटुंबाला भाड्याने द्या, आई-वडिलांना रात्री-अपरात्री सोबत होईल. प्लॉट घ्यायचाच असेल, तर जमीन एनए म्हणजे बिगरशेती असल्याचे कागद आणि मंजूर ले-आउट स्वतः वाचा, आणि शेजारच्या घरात जाऊन विचारा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं.