अमेरिकेत मतदानाला आठवडा उरला तरी मत न ठरलेले लोक खरंच असतात का?

असतात, पण टीव्हीवर वाटतात तेवढे नाहीत. बहुतेकांचा प्रश्न ‘हा की तो’ असा नसतोच. ‘जाऊ की नको’ असा असतो. पेनसिल्व्हेनियातला माझा एक शेजारी ऑक्टोबरभर टपालपेटीतून रोज चार-पाच गुळगुळीत प्रचारपत्रकं काढायचा आणि न वाचताच रद्दीत टाकायचा. पक्ष आयुष्यभराचा, उमेदवार मात्र घशाखाली उतरेना. शेवटी अध्यक्षपदाचा रकाना कोरा सोडून बाकीच्या जागांना मत देऊन आला. चालतं तसं; त्यामुळे मतपत्रिका बाद होत नाही. नेवाडात तर आपल्या ‘नोटा’सारखा ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय १९७५ पासूनच आहे.

मग या मूठभरांमागे पक्ष एवढे का धावतात? कारण गणित राज्यवार आहे. राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी (अध्यक्ष निवडणारी मतं) जिंकायला २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने का होईना पुढे असणारा तिथली सगळी इलेक्टोरल मतं नेतो. २०१६ मध्ये मिशिगन सुमारे १०,७०० मतांनी ट्रम्पकडे गेलं, २०२० मध्ये जॉर्जिया सुमारे ११,८०० मतांनी बायडनकडे. आपल्याकडे विधानसभेची एखादी जागा एवढ्या फरकाने पडते हो! २०१६ ला विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियात अगदी शेवटी ठरवणारे ट्रम्पकडे झुकले आणि भल्याभल्यांचे अंदाज कोसळले.

कॅलिफोर्नियात निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, म्हणून तिथल्या गोंधळलेल्या मतदाराकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही.