वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रिया ही पळवाट आहे का?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो आहे. सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी तीनदा पंधरा-वीस किलो वजन उतरवले, पण तिन्ही वेळा ते परत वाढले. आता डॉक्टरांनी बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया, सुचवली आहे. घरच्यांच्या मते मन घट्ट केले तर तिची गरजच नाही. ही शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट आहे का?

उत्तर : तीनदा पंधरा-वीस किलो वजन उतरवणाऱ्या व्यक्तीचे मन घट्ट नाही, असे कोणी म्हणावे हे मला अन्यायाचे वाटते. वजन घटले की शरीर ते परत मिळवण्याच्या मागे लागते : भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके कमी होतात आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही घटते. हा ओढा वर्षानुवर्षे टिकू शकतो, आणि तुमचा झगडा त्याच्याशी चालला आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा आकडा, सुमारे ४६ आहे. १९९१ पासून बीएमआय ४०च्या वर असल्यास, किंवा ३५च्या वर असून मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जात आला आहे. २०२२ मध्ये या मर्यादा आणखी खाली आणल्या गेल्या. म्हणजे जुन्या, कडक निकषांनुसारही डॉक्टरांचा सल्ला योग्यच ठरतो.

सध्या स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात केल्या जातात आणि दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि त्यासोबत घ्रेलिन तयार करणारा मोठा भागही जातो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बदललेल्या मार्गामुळे आतड्यातील संप्रेरकेही बदलतात, त्यामुळे अनेकांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्याआधीच खाली येऊ लागते. तुम्हाला छातीत जळजळीचा जुना त्रास असेल तर तो आवर्जून सांगा, कारण स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. मधुमेह पूर्णपणे जाईलच असे मात्र कोणी आश्वासन देऊ नये. आजार जितका जुना, तितकी ती शक्यता कमी होते.

शस्त्रक्रियेत धोका आहेच. जोडातून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताच्या गुठळ्या हे त्यातले गंभीर प्रकार. अनुभवी पथकाच्या हाती ते क्वचित घडतात.

मला अधिक काळजी वाटते ती पुढच्या वर्षांची, कारण वजन उतरल्याच्या आनंदात तपासण्या सुटतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि नियमित रक्ततपासणीही करावी लागते. सतत उलट्या होत असतील तर वाट पाहू नका. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. मधुमेहाच्या औषधांची मात्रा पहिल्या दिवसांतच कमी करावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. मद्य रक्तात लवकर आणि अधिक चढते, म्हणून ते टाळावे. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके जोडावर व्रण निर्माण करू शकतात. काही वर्षांनी थोडे वजन परत वाढते; त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांचाही पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा, पण ती थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते, हे ध्यानात असू द्या.

पुढच्या भेटीला घरच्यांपैकी एकाला सोबत न्या. त्यांच्या शंका त्यांनी स्वतः शल्यचिकित्सकांना विचाराव्यात; आणि पाच वर्षांनंतर तुमच्या तपासण्या कोण पाहणार, हा प्रश्न तुम्ही विचारा. त्याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका.